लाईट गेल्याचं चित्र

लाईट गेली की आधी काहीच होत नाही, असं मला नेहमी वाटत आलं आहे. पंखा लगेच थांबत नाही. तो आपल्याच नादात काही फेऱ्या मारतो, मग दमतो, मग त्याची पाती वेगवेगळी दिसायला लागतात. आणि तेव्हा कुठे एकेक आवाज घरात परत येतो. शेजारच्या कुकरची शिट्टी, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीची फडफड, लांब कुठेतरी सेलवर चाललेला रेडिओ. ऑक्टोबरातल्या दुपारी ठाण्यात किंवा डोंबिवलीत अशी लाईट गेली की मी हातातलं काम सोडून नुसती बसून राहायचे. लोक वीज मंडळाला शिव्या देत असायचे आणि मला मात्र कोणीतरी पांघरूण घातल्यासारखं वाटायचं. हे बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण माझी नोकरीच लाईट जाण्यावर चालली होती.

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात मी होते. ऐंशीच्या दशकात तिथे टीव्ही-फ्रिजचे स्टॅबिलायझर व्हायचे, पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा यूपीएस व्हायला लागले. यूपीएस म्हणजे काय, हे तेव्हा प्रत्येक लग्नामुंजीत मला कोणाला ना कोणाला तरी समजावून सांगावं लागे. एक पेटी असते. पेटीत किंवा पेटीशेजारी बॅटरी असते. लाईट असते तोवर बॅटरी भरत राहते आणि लाईट गेली की ती कॉम्प्युटरला चालू ठेवते, पण थोडाच वेळ. तेवढ्या वेळात माणसाने आपलं काम साठवून कॉम्प्युटर रीतसर बंद करायचा. नाही केला तर पडदा काळा होतो आणि साठवलेलं नसेल ते सगळं जातं. म्हणजे माणसाला दोनच गोष्टी वेळेवर कळायला हव्यात. लाईट गेली आहे, आणि बॅटरी संपत आली आहे. त्या कळवायचं काम माझं. पेटीवरचे दिवे कुठे बसवायचे, कोणत्या रंगाचे, त्यांच्याखाली काय लिहायचं, इशाऱ्याची पीप-पीप कशी वाजायची, आणि नंतरच्या काळात कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोपऱ्यात बॅटरीचं जे इवलंसं चित्र यायचं, ते कसं दिसायचं.

शिकले होते मी कमर्शियल आर्ट. आईला वाटायचं, मुलगी रस्त्यावरची मोठमोठी पोस्टरं काढणार. "आज काय काढलंस गं?" असं तिने विचारलं की मी अंगठ्याचं नख पुढे करायचे. एवढं. ती सुस्कारा टाकून पोळ्या लाटायला लागायची.

कारखान्याचे मालक दामलेसाहेब स्वतः इंजिनिअर होते. हुशार, सरळ, कामगारांत बसून डबा खाणारे. पण पेटीबरोबर दिलेलं माहितीपुस्तक लोक वाचतात, असा त्यांचा ठाम समज होता. मी म्हणायचे, "साहेब, लोक त्या पुस्तकावर चहाचा कप ठेवतात." ते म्हणायचे, "कर्णिकबाई, तुम्ही लोकांना फार कमी लेखता." मी कमी लेखत नव्हते. मीही चहाचा कप त्याच पुस्तकावर ठेवत होते.

आमचं पहिलं भांडण लाल दिव्यावरून झालं. साहेबांच्या हिशेबी हिरवा म्हणजे ठीक आणि लाल म्हणजे धोका, बॅटरी संपत आली. त्याप्रमाणे पेट्या बाहेर पडल्या; पीप तेव्हा अजून आली नव्हती. कल्याणच्या एका दवाखान्यातून तक्रार आली की कॉम्प्युटर काही न सांगता बंद पडतो. मी जाऊन तिथल्या काउंटरवरच्या बाईंना विचारलं, "दिवा लागला नव्हता का?"

"लागलेला की! चांगला लाल लागलेला. म्हणून तर मी निवांत होते."

परत येऊन हे सांगितलं तेव्हा साहेब भडकले. "लाल म्हणजे धोका, हे शेंबड्या पोराला कळतं!"

"साहेब, तुमच्या घरी स्विचबोर्डवर बारीक दिवा आहे ना? त्याचा रंग कोणता?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ढवळत साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "लाल आहे. लाईट असली की लागतो." आपल्याकडे घरोघरी लाल दिवा म्हणजे करंट आहे, सगळं ठीक आहे. आम्ही आमच्या पेट्यांवरून लाल रंग काढूनच टाकला. लाईट असेल तर हिरवा, नसेल तर पिवळा, आणि बॅटरी संपत आली की तोच पिवळा भराभर मिचकणार. मला वाटलं, आता कोणाचीही चूक होणं शक्य नाही. मग दसरा आला.

दसऱ्यानंतर ठाण्यातल्याच एका ऑफिसातून फोन, की तुमच्या पेटीचा हिरवा दिवा लालसर झालाय आणि पिवळा दिसेनासा झालाय. जाऊन बघते तर पेटीची साग्रसंगीत पूजा झालेली. हिरव्या दिव्यावर बरोब्बर मधोमध कुंकवाचं बोट, आणि पिवळ्यावरून झेंडूची माळ सोडलेली. मी रुमाल काढून म्हटलं, "पुसू का?" तिथले हेडक्लार्क खुर्चीतून अर्धे उठले. "दसऱ्याचं कुंकू पुसता? अहो, बाई असून?" मी रुमाल परत पर्समध्ये ठेवला.

त्यात चूक कोणाचीच नव्हती. बोट टेकवायला गोल, गुळगुळीत, जरा वर आलेली जागा त्या आख्ख्या पेटीवर दिव्याचीच होती. मग पुढच्या पेट्यांना आम्ही वरच्या बाजूला, मधोमध, एक गोल नक्षीसारखा उठाव ठेवला. त्यावर अक्षर नाही, दिवा नाही, काही नाही. साहेबांनी आराखड्यावर लिहिलं 'रिकामी जागा'. कारखान्यातली माणसं तिला कुंकवाची जागा म्हणायची. त्यानंतर जिथे जिथे दसरा झाला तिथे बोट बिनचूक तिथेच गेलं. माझ्या कामातली सगळ्यात यशस्वी खूण म्हणाल तर ती.

त्या दिवसांत मला दिवेच दिसायचे. संध्याकाळी तलावपाळीला भेळ खायला बसले तरी माझं लक्ष पाण्यात. समोरच्या दुकानांचे दिवे पाण्यावर हलत असायचे आणि मी बघत बसायचे, की यातला नुसता जळतोय तो कोणता आणि बोलावतोय तो कोणता. एखादी ट्यूबलाईट बिघडून लपलप करत असली की सगळं पाणी सोडून डोळा तिच्याकडेच जायचा. भेळ मऊ पडायची. बहीण म्हणायची, "हिला पाण्यात काय दिसतं कोण जाणे." मला तरी कुठे नीट सांगता येत होतं!

आणखी एक घोळ मी निस्तरला. पेटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असायचं 'मेन्स फेल', पुस्तकात तेच 'इनपुट खंडित', आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर यायचं 'लाईन फेल'. गोष्ट एकच. वाचणाऱ्याला वाटायचं, तीन वेगवेगळे बिघाड आहेत. मी हट्ट धरला, की एका गोष्टीला एकच नाव, एकच रंग, एकच चित्र, आणि ते सगळीकडे तेच. मराठी स्टिकरसाठी साहेबांनी 'विद्युतपुरवठा खंडित' सुचवलं. मी म्हटलं, 'लाईट गेली'.

"लाईट हा शब्द शास्त्रीय नाही, कर्णिकबाई."

"पण साहेब, जाते तीच."

साहेब हसले आणि स्टिकर तसेच छापले गेले.

नव्वदच्या दशकात एका सकाळी केणेदादा कारखान्यात आले. डोंबिवली पूर्वेला मानपाडा रस्त्याच्या आत त्यांचं गाव. आगरी माणूस, साठीच्या पुढचा, पांढरा सदरा, टोपी, उन्हाने काळवंडलेला चेहरा. तरुणपणी मिठागरात राबलेले, मग शेती. त्यांनी दारातच चपला काढल्या आणि कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवल्यावर येऊन उभे राहिले.

"बाय, तुमचे पेटीचा आवाज डोल्यांना दिसंल असा करता यील काय?"

मी त्यांना बसवलं. त्यांची मुलगी सुमन जन्मापासून ऐकू-बोलू न शकणारी. शाळा शिकली, कॉम्प्युटरवर मराठी जुळवायला शिकली, आणि घराच्या पुढच्या खोलीत तिने लग्नपत्रिका जुळवायचं दुकान टाकलं. काम सुबक, गिऱ्हाईक भरपूर. पण लाईट गेली की पेटी ओरडणार, आणि ते तिला कळणार कसं? म्हणून दादा सकाळपासून संध्याकाळपर्यंत पेटीशेजारी स्टुलावर बसून असायचे. पेटी वाजली की उठून मुलीच्या खांद्याला हात लावायचे. शेत भावाकडे दिलेलं. कुठे मयताला गेले तरी अर्ध्यातून परत.

"तिची आय गेली. मी आज हाय, उद्या नाय," दादा म्हणाले. "पोर एकली बसाला पायजे. मना तेवरं बगून जावाचं हाय."

इतकं साधं मागणं माझ्याकडे कोणी कधी मागितलं नव्हतं. मी साहेबांकडे बघितलं. साहेब चष्मा पुसत होते.

मी डोंबिवलीला गेले. सुमन पंचविशीतली, चटपटीत, डोळे सारखे हलते. तिने मला खुर्ची दिली, वळून कॉम्प्युटरवर मोठ्या अक्षरात टाईप केलं, "तुम्हीच का चित्रवाल्या?" मी मान डोलावली. तिने पुढे लिहिलं, "तुमची बॅटरी औषधाच्या बाटलीसारखी दिसते." मी पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. खरंच दिसत होती. टॉर्चच्या सेलसारखी काढली होती मी, उभी, वर टोपण.

अडचण माझ्या लक्षात आली. दिवे पेटीवर, पेटी मागे भिंतीशी, आणि हिचे डोळे दिवसभर पडद्यावर. आगऱ्यांच्या पत्रिकेत नावं किती असतात ते ज्याने पाहिलंय त्यालाच माहीत. काका, मामा, आत्या, भावकी, वाडीतले मानाचे लोक, खाली पोरांची किलबिल, आणि हळदीची पत्रिका पुन्हा वेगळी. मध्येच पडदा काळा झाला की ती सगळी यादी परत जुळवायची, आणि त्यात एखाद्या काकाचं नाव राहिलं तर तो काका हळदीला येत नाही. अशा एका काकाची समजूत घालायला दादा स्वतः जाऊन आले होते.

तेव्हा चित्र बदलायचं ठरलं. बॅटरी म्हणजे काय हे लोकांना कळत नसलं तरी 'किती उरलंय' हे कळायला हवं. डोंबिवलीत एक दिवसाआड पाणी, घरोघरी मोरीत पिंप, आणि प्रत्येकाला झाकण उचलून अंदाज घ्यायची सवय. मी पिंप काढलं. निळं पाणी, लाईट गेली की हळूहळू खाली जाणारं. साहेबांनाही आवडलं. सुमनने टाळ्या वाजवल्या. मी तरंगतच घरी आले.

पुढच्याच आठवड्यात निरोप, की बॅटरी बिघडली. जाऊन बघते तर सुमनच्या पेटीशेजारी ठेवलेली ट्रकची मोठी बॅटरी पार भिजलेली, जमिनीवर ॲसिडाचे पांढरे डाग, आणि दादा शेजारी तांब्या घेऊन उभे.

"पिंपान पानी कमी दावत हुता," ते म्हणाले. "मंग मी भरलं. बॅटरीला पानी लागते, यवरं मना ठाव हाय. टेम्पोला नाय का घालत? तुमीच तं चितार काडलंय!"

 बॅटरीत पाणी घालतात हे खरंच, पण ते वेगळं, शुद्ध केलेलं, आणि कधीतरीच. दादांनी मात्र लाईट जाईल तेव्हा नळाचं, काठोकाठ. सुमन हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसली होती. दादा आधी रागावले, मग तेही हसायला लागले. मी बाहेर ओट्यावर येऊन बसले आणि मलाही आवरेना.

नवी बॅटरी साहेबांनी पाठवली. ती जोडून होईपर्यंत दुपार झाली. सुमन कामाला बसली, मी मागे पाण्याचा ग्लास घेऊन बसले. ऊन पांढरं झालं होतं. दारातली तुळस हलत नव्हती. आणि लाईट गेली. पंखा दमत दमत थांबला. मला नेहमीसारखी गुंगी यायला लागली, आणि त्या गुंगीत मी बघत राहिले.

पेटी संथ वाजू लागली. दादा उठले आणि सुमनच्या खांद्यावर सावकाश एक थाप मारली. थांबले. परत एक. तिने मान हलवली, ओळ पुरी करायला घेतली. नंतर कितीतरी वेळाने पेटी भराभर वाजायला लागली तशी दादांची बोटंही खांद्यावर भराभर पडू लागली. टपटपटप. तिने लगेच काम साठवलं आणि कॉम्प्युटर बंद केला. दोघांपैकी कोणी हे ठरवलेलं नव्हतं. मी विचारलं तर दादांना आठवेचना, की अशी थाप कधीपासून सुरू झाली.

"दादा, माझ्या खांद्यावर मारून दाखवा," मी म्हटलं.

"यडी काय तू?" म्हणत त्यांनी दाखवली. एक सावकाश. मग भराभर.

ती थाप खांद्यावर घेऊनच मी ठाण्याला आले. लहानपणी मावशीजवळ बसून दुसूतीवर भरतकाम केलं होतं, घरं मोजून, एकेक टाका. पडद्यावरचं चित्रही तसंच भरायचं असतं, चौकोन चौकोन मोजून. मी ट्रकच्या बॅटरीसारखी आडवी पेटी काढली, वर दोन खुंट्या. लाईट असताना ती हिरवी, स्वस्थ बसलेली. लाईट गेली की पिवळी, आणि दादांच्या थापेच्या चालीने सावकाश मिचकणारी. संपत आली की भराभर. पेटीवरचा दिवा त्याच चालीने, पीपही त्याच चालीने. कान, डोळा आणि खांदा, तिघांना एकच गोष्ट कळली पाहिजे.

साहेबांशी शेवटचं भांडण इथे झालं. त्यांना बॅटरी भरतानाही चित्र हलतं हवं होतं, पेटीवर भार जास्त झाला तरी मिचकतं हवं होतं. मी म्हटलं, "साहेब, घरात सगळेच हाका मारायला लागले तर कोणाकडे वळायचं? हलायचं एकानेच." मी इतकी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. साहेबांनी आराखड्यावर एकच खूण ठेवून बाकीच्या खोडल्या आणि म्हणाले, "ठीक आहे. एकानेच."

आम्ही दोघं मिळून डोंबिवलीला गेलो. दादांना मुद्दाम समोरच्या टपरीवर पाठवलं. सुमनसमोर एका हळदीची पत्रिका होती, नावांची ही लांबलचक रांग. साहेबांनी मीटरजवळचं बटण हळूच खाली केलं. कोपऱ्यात चित्र पिवळं झालं, एकदा मिचकलं, आणि दुसऱ्यांदा मिचकायच्या आत सुमनचे डोळे तिथे पोचले होते. जे माझे डोळे शोधून बघायचे ते तिला आपोआप दिसायचं. तिने ओळ पुरी केली, काम साठवलं, नीट सगळं बंद केलं, आणि वळून आमच्याकडे बघितलं. साहेबांनी चक्क हात जोडले. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

दादा टपरीवर चहाचा ग्लास धरून उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. ते बऱ्याच वेळाने रस्ता ओलांडून आले.

"आता मी मोकला," ते म्हणाले, आणि रिकामं स्टूल उचलून त्यांनी आत नेऊन ठेवलं.

आज तो कारखाना नाही. तिथे काचेची उंच इमारत आहे. साहेब गेले. आमच्या पेट्या भंगारात गेल्या असतील, आणि त्यांच्याबरोबर कुंकवाची जागाही. आता बॅटरीची चित्रं कुठून तरी तयार येतात, प्रत्येक यंत्रावर निराळी, आणि दिवसभर सगळंच मिचकत आणि वाजत असतं. नातवंडं म्हणतात, आजी, सवय होते. होत असेल. आमची चाल सगळ्यांनी उचलायला हवी होती, असं मला वाटतं आणि ते न झाल्याचं वाईटही वाटतं.

पण डोंबिवलीचं अजून थोडं राहिलं. पुढच्या हिवाळ्यात माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका जुळवायला मी सुमनकडे गेले. बघते तर स्टूल परत पेटीशेजारी, आणि स्टुलावर दादा. जरा वाळले होते.

"आयलू असाच," ते म्हणाले. "आत बसून काय करू?"

मी एक बातमी घेऊन गेले होते. नव्या सोयीत पेटीचा आवाज पडद्यावरूनच बंद करता येत होता. सुमनला त्याचा उपयोगच नव्हता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना त्याचा वैताग. मी कागदावर लिहून तिला दिलं, "आवाज बंद करून टाकू?"

तिने मान हलवली. नको.

तिला कळलं नसावं असं वाटून मी खाली लिहिलं, "चित्र तसंच राहील. फक्त आवाज जाईल." तिने कागद वाचला, घडी करून माझ्या हातात परत दिला आणि पुन्हा मान हलवली. जरा जोरातच.

मी भाचीच्या सासरची नावं सांगायला बसले, म्हणजे लिहून द्यायला. ती जुळवत होती. आणि लाईट गेली. कोपऱ्यात चित्र पिवळं झालं. तिचे डोळे क्षणात तिकडे जाऊन आले, बोटांनी काम साठवलं, सगळं माझ्या डोळ्यांदेखत. मग तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे बघत ती नुसती बसून राहिली.

मागे पेटी वाजायला लागली. दादा गुडघ्यावर हात रोवून उठले. भिंतीच्या आधाराने, एकेक पाऊल टाकत आले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर सावकाश एक थाप मारली. सुमन दचकल्यासारखी वळली. डोळे मोठे केले, अगं बाई, लाईट गेली होय, अशी भरभरून मान हलवली, आणि लगबगीने तेच काम पुन्हा साठवायला घेतलं.

दादा स्टुलाकडे परत जाताना माझ्यापाशी थांबले. त्यांना धाप लागली होती.

"बगलंस ना बाय?" ते म्हणाले. "मी हुतू म्हनून."

"हो ना, दादा," मी म्हटलं.